जिन्यावरचा प्रसंग

"कुठला जिना?" बायकोने विचारलं, आणि वकीलसाहेबांनी चहात बुडवलेला टोस्ट मोडून कपाच्या तळाशी गेला.

चष्मा कुठे ठेवलाय असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. आवाजात चीड नव्हती, सारवासारव नव्हती. पस्तीस वर्षं वकीलसाहेब नवराबायकोंचे आवाज ऐकत आले होते. खोटं बोलणारा दाराबाहेर खोकला तरी यांना कळतं, असं कोर्टातले लोक म्हणायचे आणि दुसरी माणसं आपल्याबद्दल चांगलं बोलली की ते खरंच असतं, अशी वकीलसाहेबांचीही समजूत होती. हा आवाज खोट्याचा नव्हता. म्हणून तर ते चमच्याने कपाच्या तळाचा टोस्ट ढवळत बसले. खरं म्हणजे त्यांना आज वेगळंच बोलायचं होतं. मुलीला तीन महिन्यांपूर्वी मूल झालं होतं, जावई महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तिने आईला कायमचंच राहायला बोलावलं होतं. "मदतीला म्हणून नाही गं, तुझ्यासाठी म्हणतेय," असंही ती फोनवर म्हणाली होती आणि ते शेजारच्या खोलीत वकीलसाहेबांना स्वच्छ ऐकू आलं होतं. आज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येणार होता. त्याआधी हो की नाही ते ठरवायचं होतं. तीन आठवडे वकीलसाहेब "तुझं तू ठरव" एवढंच म्हणत होते. ही गेली तर आपलं काय होईल, हे त्यांना कळत नव्हतं. घर चालेल, स्वयंपाकाला कुणी ठेवता येईल, औषधाच्या गोळ्या डबीत भरून ठेवता येतील; तो प्रश्नच नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी खाकरणार नाही, कपाट उघडणार नाही, नळ बंद करणार नाही, ही भीती होती. जाऊ नकोस, हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हते. दुसऱ्यांच्या संसाराबद्दल चाळीस-चाळीस पानं लिहिणारा माणूस, पण स्वतःच्या घरात जीभ टाळूला चिकटलेली. आज सकाळी तिनेच विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं? एकदा तरी सांगा." तेव्हा त्यांनी मनाची तयारी केली, आणि जाऊ नकोस म्हणण्याआधी मोठेपणाची एक प्रस्तावना करावी म्हणून म्हणाले, "हे बघ, ते जिन्यावरचं मी अजून विसरलेलो नाही. पण तरीसुद्धा..."

तरीसुद्धाच्या पुढे जायची वेळच आली नाही.

"कुठला जिना म्हणते मी?"

"तू वर उभी होतीस. माझे कागद खाली फेकलेस. केस ओले होते तुझे. तो हिरवा स्वेटर घातला होतास, खालचं एक बटण वेगळ्या रंगाचं. आणि म्हणालीस, तुम्हाला घरात बायको नकोय, साक्षीदार हवाय."

बायकोने हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी? असं बोलले?"

"तूच. तेवीस वर्षं झाली."

"तेवीस वर्षांपूर्वी आपण तळमजल्यावर राहत होतो. दाराशी दोन पायऱ्या होत्या. तुम्ही त्याला जिना म्हणता?" ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "म्हणजे त्यासाठी? त्यासाठी तुम्ही फायलींच्या खोलीत झोपायला गेलात?"

वकीलसाहेबांनी चमचा बशीत ठेवला. ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला तेव्हा. आठवतंय? पलंग हलवत होतात, मी दारात उभी होते. काय झालं म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, तुला माहीत आहे." तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "मला काहीच माहीत नव्हतं हो. दोन वर्षं शोधत होते मी. वाटायचं, सासूबाईंच्या आजारपणात मी चार दिवस माहेरी गेले, त्याचा राग असेल. मग वाटलं, तुमच्या मित्रासमोर मी तुमची चेष्टा केली होती, ते असेल. मग वाटलं, मी जाड झाले. शेवटी नाद सोडला. आज निदान काय झालं होतं ते तरी कळलं." हे तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की वकीलसाहेबांना कोर्टाची घाई आठवली. ते उठले आणि अर्धा चहा तसाच टाकून निघाले.

रस्त्याने चालताना त्यांनी तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणला. आणायचं म्हणजे काय, तो तयारच होता. ती वरच्या पायरीवर उभी. मागे अंधार. केसांतून पाणी गळतंय. दोन्ही हातांत कागदांचे गठ्ठे. ती हात उघडते, आणि कागद घाई न करता एकेक पायरी उतरत खाली येतात, शेवटचा त्यांच्या बुटाशी थांबतो. मग ते वाक्य. वाक्यापेक्षाही वाक्यानंतरची शांतता त्यांना जास्त आठवत होती. इतकं स्पष्ट असताना ते घडलं नाही, हे कसं शक्य आहे? पण तळमजला होता हेही खरंच. दोन पायऱ्या, त्यांतली खालची फुटकी, सिमेंटने लिंपलेली. मग ही दहा-बारा पायऱ्यांची उतरण आली कुठून? बायको कानावर हात ठेवते आहे, असं म्हणून मोकळं व्हावं तर तिचा तो चष्मा शोधणारा आवाज आडवा येत होता. चौकात दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी ते उभेच होते. मागच्या माणसाने "काका, जायचंय का?" विचारलं तेव्हा ते दचकले.

बारकावे हाच त्यांचा धंदा होता. कोर्टात त्यांना पाठीमागे 'बारकावे' म्हणूनच ओळखत. घटस्फोटासाठी येणारी माणसं पहिल्या दिवशी फार मोघम बोलतात. तो नीट वागत नाही, ती मान देत नाही, घरात बसवत नाही. यावर कुठलं कोर्ट घटस्फोट देणार? कोर्टाला प्रसंग लागतो. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं. वकीलसाहेब पक्षकाराला खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगत आणि मृदू आवाजात विचारत, "खिडकी उघडी होती का? हातात काय होतं? पायात चप्पल होती की अनवाणी?" पक्षकार आधी गोंधळायचा. "चप्पल... नसावी." "नसावी की नव्हती?" "नव्हती." मग ती नसलेली चप्पल अर्जात जायची, आणि दुसऱ्या बैठकीला पक्षकार स्वतःहून थंडगार फरशीही घेऊन यायचा. हाताखालच्या वकिलांना ते सांगत, "न्यायाधीशाला दुःख दिसत नाही, चप्पल दिसते." खोटं आपण कधी लिहिलं नाही, असं ते छातीला हात लावून सांगत. दुःख खरंच असायचं, फक्त त्याला हातपाय नसायचे, ते हे लावून द्यायचे. एखाद्याकडे अगदीच काही नसलं, नुसतंच वर्षानुवर्षांचं मुकं दुःख असलं, तर दुसऱ्या कुणाच्या अर्जातला एखादा प्रसंग थोडा फिरवून बसवायचा, याला ऑफिसात 'उसना प्रसंग' म्हणत. त्यात काय बिघडलं? ज्यांना खरंच सुटायचं होतं ती माणसं सुटली. कित्येकजणी अजून रस्त्यात भेटल्या की थांबून, तुमच्यामुळे जगले म्हणतात. हे सगळं खरं होतं, आणि वकीलसाहेबांना त्याचा अभिमान होता. आज मात्र तो अभिमान कुणी दुसऱ्याचा कोट चुकून अंगात घालावा तसा वाटत होता, बाह्या आखूड.

कोर्टात अकराला उलटतपासणी होती. समोर सामनेवाला, म्हणजे पक्षकारबाईचा नवरा. शाळेत भूगोल शिकवणारा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेला. त्याचं म्हणणं होतं की बायकोने त्याला पाहुण्यांसमोर 'तू माणूस नाहीस' म्हटलं. असल्या साक्षीदाराला वकीलसाहेब दहा मिनिटांत गुंडाळत. पद्धत ठरलेली. आधी गोड बोलून पंधरा-वीस तपशील विचारायचे, मग एक तपशील मुद्दाम चुकीचा सांगायचा, साक्षीदार हो म्हणाला की थांबायचं, चष्मा काढायचा आणि विचारायचं, "नक्की आठवतं का तुम्हाला?" या प्रश्नाने भलेभले गडबडायचे. आज त्यांनी तपशील विचारले, चष्माही काढला. "नक्की आठवतं का तुम्हाला?" भूगोलवाल्याने शर्टाची वरची गुंडी चाचपली. मग म्हणाला, "मला कळत नाही साहेब. मी ते रोज आठवतो. रोज आठवतो म्हणून आठवत असेल." एवढंच बोलून तो कसनुसा हसला. कोर्टात कुणीतरी खुर्ची सरकवली. या उत्तराला फाडून खायला वकीलसाहेबांना एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य जिभेवर होतंही. पण ते चष्मा हातात धरून उभे राहिले. चष्म्याशिवाय समोरचा माणूस नुसता एक पांढुरका डाग दिसत होता, आणि त्या डागाला काहीतरी विचारायचं होतं, जे या खटल्यातलं नव्हतं. तुम्ही रोज आठवता तेव्हा ती कुठल्या कपड्यांत असते? कपडे बदलतात का? न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पुढे, वकीलसाहेब?" ते म्हणाले, "पुढे काही नाही." शेजारी बसलेल्या पक्षकारबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच तिच्या नवऱ्याचं वकीलपत्र घेतलंय.

बाहेर ती म्हणाली, "साहेब, सोडलंत का त्याला?" ते म्हणाले, "पुढच्या तारखेला बघू." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य स्वतःसाठी वापरलं.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. लाकडी जिना, मध्ये वळण, कठडा हाताने झिजून गुळगुळीत झालेला. वकीलसाहेब वर चढले. अलीकडे ते वळणावर दम घ्यायला थांबत, तसे आजही थांबले. आत टायपिस्टबाई आपल्या यंत्रासमोर बसल्या होत्या. आता यंत्र म्हणजे संगणक, पण बाई अजून कळा अशा हाणायच्या की शेजारच्या दातांच्या डॉक्टरने दोनदा तक्रार केली होती. बत्तीस वर्षं त्या या खोलीत होत्या. किती अर्ज टंकले याची मोजदाद नव्हती, आणि त्यांची स्मरणशक्ती अशी की वकीलसाहेब फाईल शोधायच्या आधी बाईंना विचारत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "एवढी टंकली, अजून काय करायचीत?"

"बाई," वकीलसाहेब खुर्चीत बसत म्हणाले, आणि आपला आवाज पक्षकारासारखा येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "एक जिन्यावरचा प्रसंग आहे. बायको वर उभी, केस ओले, कागद खाली फेकते. तुम्हाला बायको नकोय, साक्षीदार हवाय, असं म्हणते. कुणाच्या अर्जातला?"

"कुणाच्या म्हणून सांगू?" बाई हात न थांबवता म्हणाल्या. "चार ठिकाणी घातलाय आपण. छापखानावाल्याचा, त्या दोन भावांपैकी धाकट्याचा, बँकेतल्या साहेबांचा. आणि एक पोहणं शिकवणारा होता, त्याच्यात ओले केस फार शोभले."

"सगळ्यांत पहिला कुणाचा?"

"पहिला छापखानावाल्याचा. पण तोही उसनाच."

"कुणाकडून उसना?"

आता बाईंचे हात थांबले. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते चेष्टा करतायत की काय, हे त्यांना कळेना. "असं काय करता साहेब? आपल्याच जिन्यावर नाही का झालं ते. फरशीवाल्याची बायको."

फरशीवाला म्हणजे ज्याचं फरश्यांचं दुकान होतं तो. चोवीस वर्षांपूर्वीचा पक्षकार. गोरा, घामट, सारखा रुमालाने मान पुसणारा. त्याच्याकडे प्रसंग नव्हता, म्हणून वकीलसाहेबांनी पाच प्रसंग बसवून दिले होते, आणि त्यांच्या जोरावर घटस्फोट तर झालाच, मुलगाही बापाकडे गेला. एवढं त्यांना आठवत होतं. बाई पुढे सांगत होत्या, "निकाल लागला त्या आठवड्यात ती आली. बाहेर पाऊस होता, छत्री नव्हती तिच्याकडे. टेबलावरची निकालाची नक्कल आणि तुमचे कागद, हाताला लागतील तेवढे उचलले आणि जिन्यात गेली. तुम्ही तेव्हाच कोर्टातून येत होतात, वळणावर उभे होतात. तिने वरून सगळे फेकले. म्हणाली, मी अशी बोलले, मी तशी बोलले, हे सगळं तुम्ही कुठून आणलंत? तुमच्या घरीही असंच असणार. तुम्हाला घरात बायको नको असेल, साक्षीदार हवा असेल. मग तिथेच पायरीवर बसली. मी पाणी दिलं तिला. कागद मीच गोळा केले, चौपन्न होते. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही छापखानावाल्याच्या अर्जात तो प्रसंग सांगितलात. मी म्हटलं, साहेब, हे कालचंच ना? तुम्ही म्हणालात, वाक्य चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं."

"आणि स्वेटर? हिरवा?"

"स्वेटरबिटर मला नाही माहीत. चिंब भिजलेली होती ती."

वकीलसाहेब उठून दारात गेले आणि जिन्याकडे बघत उभे राहिले. पायऱ्या बारा होत्या. या बारा पायऱ्या ते दिवसातून चार वेळा चढत-उतरत होते, आणि एकदाही त्यांना इथे काही आठवलं नव्हतं. आठवायचं ते घरी, रात्री नाही तर जेवताना, बायको पाठमोरी उभी असताना. म्हणजे ती बाई वरून काहीतरी बोलली, ते त्यांना असं लागलं की सोसवेना. आणि मग ते वाक्य हळूहळू चालत घरी गेलं, स्वेटर घालून बसलं. पण स्वेटर त्यांनी स्वतः आणलेला, बायकोच्या वाढदिवसाला. बटण तिनेच लावलेलं, वेगळ्या रंगाचं. हे त्यांनी कधी केलं? कुठल्या दिवशी? असा काही एक दिवस असायला हवा ना, ज्या दिवसाआधी ती फरशीवाल्याची बायको होती आणि त्यानंतर ही झाली? तो दिवस सापडेना. आणि गोंधळ असा की हे सगळं कळल्यावरही डोळे मिटले की वर बायकोच दिसत होती. ते मुद्दाम फरशीवाल्याच्या बायकोला तिथे उभी करून बघत. तिचा चेहराच नव्हता. चेहरा नसलेलं ओलं डोकं, आणि क्षणभराने त्यात पुन्हा ओळखीचं नाक, ओळखीची हनुवटी. त्यांना राग यायचा तोही तसाच येत होता, अगदी वेळेवर, तेवीस वर्षांच्या सवयीने. ज्याला कारण उरलं नाही त्या रागाचं करायचं काय? आणि त्या मधल्या वर्षांचं? तिची चाळिशी फायलींच्या खोलीच्या बंद दारासमोरून ये-जा करण्यात गेली. मी जाड झाले म्हणून असेल, असं तिला वाटत होतं. हे आठवून त्यांना लाज वाटली, अशी की कान तापले. लोकांच्या घरातला गुंता सोडवणारे आपण, आणि आपल्याच दिव्याखाली हा अंधार.

बाई आतून म्हणाल्या, "साहेब, बरं नाही वाटत का?"

"बाई, तुम्हाला हे नक्की आठवतं?"

"मी कागद मोजले होते हो," बाई म्हणाल्या. जरा दुखावूनच म्हणाल्या.

ते पाच वाजता निघाले. वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं. ती तू नव्हतीस. तीनच शब्द. अर्जात असं वाक्य चालणार नाही, पण घरात चालावं. त्यानंतर काय म्हणायचं ते त्यांना सुचत नव्हतं. माझं चुकलं, हे पुरेसं होतं का? तेवीस वर्षांना पुरणारं वाक्य कुणी लिहिलंय? ती उठेल आणि कपाटातून बॅग काढेल. काढायलाच हवी. ती गेली तर ते तिचं बरोबरच असेल, असं ते स्वतःला बजावत होते आणि घराच्या गल्लीत मुद्दाम हळू चालत होते. तरी ते ठरवून चालले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. आत जायचं, बूट काढायच्याही आधी बोलायचं.

बायको टेबलाशी बसली होती. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा सकाळपेक्षा मोकळा. समोर दोन कप पालथे घालून ठेवलेले. वकीलसाहेबांनी तोंड उघडलं.

"आठवलं मला," ती म्हणाली.

"काय?"

"जिना. दिवसभर डोकं शिणवलं मी. तळमजल्याला जिना नव्हता, पण मागच्या बाजूला गच्चीवर जायचा लोखंडी नव्हता का? मी कपडे वाळत घालायला जायचे तो. तिथेच असणार. केस ओले म्हणालात ना, म्हणजे रविवार. मी रविवारी केस धुवायचे. तुम्ही खाली ते कागद घेऊन बसला होतात, मी काहीतरी मदत मागितली, तुम्ही वर बघितलंही नाहीत. मी खाली येऊन कागद उचलले आणि वर गेले." ती बोलत होती आणि तिचे हात कागद उचलत होते. "आणि ही जागी होती हो. आपली मुलगी. दाराआड उभी होती. म्हणाली, आई ओरडू नको."

लोखंडी जिना होता. खरंच होता. गंजलेला, तिसरी पायरी हलणारी. तो ते साफ विसरले होते. आणि मुलगी दाराआड, हे त्यांनी सकाळी सांगितलं नव्हतं. मग हे तिने कुठून आणलं? दुसऱ्या बैठकीला माणूस काय काय घेऊन येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाईंनी चौपन्न कागद मोजले होते. पण लोखंडी जिना होता. त्यांच्या डोळ्यांसमोर कागद आता लोखंडी पायऱ्यांच्या फटींमधून खाली पडायला लागले, आणि एकदा पडायला लागल्यावर ते थांबेनात. दोन्ही घडलं असेल? एक घडलं असेल आणि दुसरं त्यावर बसलं असेल? कुठलं कशावर?

"मीच बोलले असणार," बायको म्हणाली. "साक्षीदार हवाय, हे माझंच बोलणं आहे. दुसरं कोण असं लागेल असं बोलणार तुम्हाला? आणि मी मेली विसरूनही गेले. तुम्ही मात्र इतकी वर्षं गप्प राहून सोसलंत." तिने त्यांचा हात धरला. किती वर्षांनी धरला होता, हे त्यांना मोजता येईना. तिचा तळवा गरम होता. "नाही जात मी. असं टाकून कशी जाऊ? एकदा मनापासून म्हणा, माफ केलं. म्हणजे मला झोप लागेल."

आता बोलायला हवं होतं. ते तीन शब्द तोंडात तयार होते आणि ते खरे होते, निदान घरात पाऊल टाकेपर्यंत तरी खरे होते. बोलले असते तर हा हात सुटला असता. ती गेली असती, आणि जाताना तिच्याबरोबर तिची ती सगळी वर्षं गेली असती, निर्दोष. न बोलले तर ती इथे राहणार होती, शेजारच्या खोलीत, कदाचित या खोलीतही. ही गोष्ट वकीलसाहेबांना अगदी स्वच्छ दिसत होती. आज दिवसभरात एवढं एकच त्यांना स्वच्छ दिसलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "मी कधीच माफ केलंय तुला."

त्यांचा आवाज छान लागला होता, थोडा घोगरा. ती टेबलावर डोकं टेकून रडली, सुटल्यासारखी रडली, आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हात फिरवताना त्यांनाही खरंच भरून आलं. आपण मोठ्या मनाने वागलो, असं वाटू लागलं. वाटू नये हे कळत होतं, तरी वाटत होतं.

सातला फोन वाजला. बायकोने डोळे पुसून घेतला. "नाही गं, नाही येत मी... नाही, ते काही म्हणाले नाहीत. उलट... अगं, आमचं एक जुनं होतं काहीतरी, आज मिटलं... माझंच चुकलं होतं. नाही, खरंच माझंच. तू होतीस की तेव्हा, लहान होतीस... थांब, त्यांनाच विचार." तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढून बसली, ऐकायला.

"बाबा," पलीकडून मुलगी म्हणाली, मागे तान्हं बाळ कुरकुरत होतं. "आईने काय केलं होतं? ती म्हणते मी तिथे होते. मला तर काहीच आठवत नाहीये."

वकीलसाहेब खुर्चीत सरळ झाले. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तू आठ वर्षांची होतीस," ते मृदू आवाजात म्हणाले. "रविवार होता. तू दाराआड उभी होतीस. डोळे मीट जरा, आणि घाई करू नकोस."

पलीकडे बाळाची कुरकुर थांबली.

"दार," मुलगी म्हणाली, "मागचं ना? निळं?"

"निळंच," ते म्हणाले.